खोटा दावा काढून घेतोय म्हणतात, मग माझ्या खर्चाचं काय?

प्रश्न: मी सेवानिवृत्त शिक्षिका. माझ्या नावावर बिनशेती प्लॉट आहे. २०२१ मध्ये एका जमीन एजंटाने माझ्यावर करारपूर्तीचा दिवाणी दावा लावला. मी पाच लाख रोख घेऊन विसार पावती लिहून दिली, असं त्याचं म्हणणं. पावतीवरची सही माझी नाही. तरी त्याला मनाई हुकूम मिळाला, ठरलेला गिऱ्हाईक निघून गेला आणि घराच्या कामासाठी मला कर्ज काढावं लागलं. पुढे कोर्टाने ती पावती हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवली. फी मी कोर्टात भरली. अहवाल आला की सही माझी नाही. त्यानंतर वादी उलटतपासाला तीन तारखा आलाच नाही. आता त्याचे वकील म्हणतात, "दावा काढून घेतो, तुम्ही फक्त हरकत नाही असं लिहून द्या." माझा आजवरचा खर्च असा: वकील फी १,६०,००० (त्यातले ९०,००० बँकेतून, ७०,००० रोख, रोखीच्या पावत्या नाहीत), तज्ज्ञ २८,०००, नकला, टायपिंग, स्टॅम्प १४,०००, दुसऱ्या गावाहून येण्याजाण्याचे ५२,०००. एकूण २,५४,०००. यातलं काही परत मिळेल का? मनस्तापाची भरपाई मागता येईल का?

उत्तर: बाई, काही रक्कम मिळू शकते, सगळी मिळणं अवघड आहे. दावा काढून घेण्यासाठी वादी कोर्टात जे लेखी निवेदन देईल त्याला पुरशिस म्हणतात. किती मिळेल हे बरंचसं पुढच्या तारखेला त्या पुरशिसवर तुमच्या बाजूने काय लिहिलं जातं यावर ठरेल. म्हणून पहिली विनंती: नुसतं "हरकत नाही" लिहून सही करू नका. त्या दोन शब्दांवर कोर्ट दावा निकाली काढतं, खर्चाबद्दल ओळही येत नाही, आणि मग मागायला जागा उरत नाही. खर्च गमावण्याचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. चार वर्षं तारखा करून थकलेला माणूस सुटलो एकदाचं म्हणून सही करतो. समोरच्यालाही नेमकं तेच हवं असतं.

दावा काढून घेण्यापासून तुम्ही त्याला रोखू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम १ प्रमाणे तो वादीचा हक्क आहे. पण तो दावा दोन तऱ्हांनी काढू शकतो आणि दोन्हींत तुमच्यासाठी मोठा फरक आहे. नव्या दाव्याची परवानगी न मागता काढला, तर त्याच विषयावर तो पुन्हा दावा लावू शकत नाही आणि कोर्ट ठरवेल तो खर्च द्यायला तो बांधील होतो. नियम १ च्या उपनियम ४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. परवानगी मागून काढला, तर दाव्यात तांत्रिक दोष आहे किंवा तसंच सबळ कारण आहे हे त्याला दाखवावं लागतं आणि कोर्ट अटी घालू शकतं. सही खोटी निघणं हा तांत्रिक दोष होत नाही. तेव्हा पुरशिसमध्ये "नवीन दावा करण्याची मुभा ठेवून" अशी एखादी ओळ मध्येच दडलेली आहे का, ते आधी वाचा. अशा ओळी असतात.

पुरशिसवरच्या तुमच्या म्हणण्यात, ज्याला कोर्टात "से" म्हणतात, साधारण असा मजकूर असावा: "वादीने दावा काढून घेण्यास प्रतिवादीची हरकत नाही. मात्र नवीन दावा करण्याची परवानगी देऊ नये. दावा वादीच्या माहितीत खोटा व त्रासदायक होता, ही हरकत प्रतिवादी घेत आहे. संहितेच्या कलम ३५ व ३५-अ खाली प्रतिवादीस खर्च मंजूर व्हावा. खर्चाचा तपशील शपथपत्रासह जोडला आहे. कलम ९५ खालील व इतर कायद्यांखालील प्रतिवादीचे हक्क राखून ठेवले आहेत." शब्द तुमचे वकील त्यांच्या पद्धतीने बसवतील, पण यातली एकही गोष्ट गळू देऊ नका. कोर्टाने परवानगी द्यायचीच ठरवली, तर "नवीन दावा दाखल करण्यापूर्वी खर्च भरणे बंधनकारक राहील" ही अट मागा.

आता यातलं प्रत्येक कलम काय देतं ते पाहू.

कलम ३५ हा मुख्य रस्ता. हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा हे इथलं मूळ तत्त्व आहे. कोर्टाला खर्च द्यायचा नसेल तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. प्रत्यक्षात "ज्याचा त्याने खर्च सोसावा" हे वाक्य निकालांच्या शेवटी सर्रास दिसतं, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे कोणी तपशील देऊन खर्च मागितलेलाच नसतो. सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खर्च हा प्रत्यक्षात झालेला आणि वाजवी असावा. कोर्ट फी, वकील फी, टायपिंग यांच्यासोबत प्रवास, मुक्काम आणि गेलेला वेळही त्यात धरावा. हा निकाल तुमच्या अर्जात जरूर असू द्या.

पण त्यावरच विसंबून २,५४,००० चा आकडा मनात धरून बसू नका. २०११ मध्ये याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मंजूर केलेला ४५ लाखांवरचा खर्च रद्द केला. कलम ३५ खालचा अधिकार उच्च न्यायालयांच्या नियमांच्या चौकटीतच वापरायचा आहे, असं त्यात म्हटलं आहे. अडचण येते ती वकील फीपाशी. हुकूमनाम्यात, म्हणजे निकालानंतर कोर्ट काढतं त्या अंमलयोग्य आदेशात, वकील फी म्हणून जो आकडा चढतो तो नियमांतल्या कोष्टकातून, दाव्याच्या मूल्यांकनावरून काढलेला असतो. तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या फीपेक्षा तो बहुतेक वेळा कमी असतो. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे आदेश हातात आल्यावर धक्का बसत नाही.

म्हणून तुमच्या चार आकड्यांकडे वेगवेगळं पाहावं लागेल. तज्ज्ञाचे २८,००० सर्वांत भक्कम आहेत, कारण तपासणी कोर्टाच्या आदेशाने झाली, पैसे कोर्टात भरले आणि पावती प्रकरणात आहे. खाजगी तज्ज्ञाला बाहेरच्या बाहेर पैसे दिले असते आणि त्याची साक्ष झालीच नसती, तर हीच रक्कम भांडून मागावी लागली असती. नकला, टायपिंग आणि स्टॅम्पचे १४,००० कागद असतील तेवढे मिळावेत. संहितेच्या आदेश २०-अ मध्ये नोटिशीचा खर्च, कैफियत (दाव्याला प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर) टाइप करण्याचा खर्च, कोर्टाचं रेकॉर्ड पाहण्याची फी, समन्स न काढता आणलेल्या साक्षीदारांचा खर्च ही नावं सरळ घेतलेली आहेत. तुमच्या वकिलांनी दावा लागण्यापूर्वी एजंटाच्या नोटिशीला उत्तर दिलं असेल तर त्याचा खर्चही मांडा.

प्रवासाच्या ५२,००० साठी थोडी मेहनत घ्या. रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदवहीची, नक्कल काढा आणि तारखांचा तक्ता करा: तारीख, त्या दिवशी काय झालं, तुम्ही हजर होतात का, तुमची हजेरी गरजेची होती का, भाडं किती. ज्या तारखांना फक्त पुढची तारीख पडली आणि वकील एकटे पुरले असते, त्या वेगळ्या रकान्यात दाखवा. सगळ्या तारखा एका बेरजेत कोंबल्या तर न्यायाधीश बेरीजच बाजूला ठेवतात. गरजेच्या तारखा वेगळ्या दिसल्या तर तेवढ्या तरी मान्य करणं त्यांना सोपं जातं. तिकिटं नसतील तर एसटीच्या किंवा रेल्वेच्या दराने भाडं लावा. मोटारीचं भाडं लावून आकडा फुगवू नका.

रोखीने दिलेल्या ७०,००० साठी तुमच्या वकिलांकडून लेखी मागा. त्यांनी आजच्या तारखेला, कोणत्या महिन्यात किती फी मिळाली हे नमूद करून सही केलेला हिशेब द्यावा. त्या सुमारास तुम्ही बँकेतून पैसे काढले असतील तर पासबुकाची नोंद जोडा. मागच्या तारखा टाकून नव्या पावत्या मात्र कोणी सुचवल्या तरी करू नका. तुम्ही खोट्या कागदाविरुद्ध लढत आहात, तुमच्या बाजूला एकही तसा कागद नको. फीची पावती मागायला अनेकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. पक्षकाराने पावती मागणं यात काही गैर नाही, आणि खर्च मागायचा म्हटल्यावर ती वकिलांनाही लागतेच.

हा सगळा तपशील शपथपत्रावर द्या. तोंडी युक्तिवादात "फार खर्च झाला" म्हटल्याने आदेशात आकडा येत नाही.

कलम ३५-अ खास खोट्या आणि त्रासदायक दाव्यांसाठी आहे. दावा खोटा आहे हे वादीला माहीत होतं अशी हरकत तुम्ही घेतलेली असावी, दावा फेटाळला गेलेला, सोडून दिलेला किंवा काढून घेतलेला असावा आणि कोर्टाने कारणं नोंदवावीत, एवढ्या अटी. काढून घेतलेल्या दाव्यालाही हे कलम लागू होतं हे लक्षात ठेवा, कारण "आता निकालच नाही तर भरपाई कसली" असं तुम्हाला ऐकवलं जाईल. तुमच्या कैफियतीत ही हरकत आहे का ते उघडून पाहा. "दावा खोटा असून फेटाळावा" इतकंच असेल तर वर दिलेल्या म्हणण्यात ती स्पष्ट शब्दांत घ्या.

आता वाईट बातमी. या कलमाची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. हा आकडा १९७६ च्या दुरुस्तीतला आहे. मर्यादा निदान एक लाख करावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या त्याच निकालात सुचवलं होतं. साध्या दिवाणी दाव्यांसाठी ती आजही तीन हजारच आहे. खोट्या दाव्याने पोळलेल्या माणसाला हे वाचून राग येतो आणि तो रास्त आहे. तरीही हे कलम मागायचंच. तीन हजार मंजूर करण्यासाठी कोर्टाला "दावा वादीच्या माहितीत खोटा होता" हे कारणांसह लिहावं लागतं, आणि ते लिहिलेलं पान पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात कामाला येतं. कलमातच म्हटलं आहे की या भरपाईमुळे वादीची फौजदारी जबाबदारी संपत नाही. पुढच्या दाव्यात ही रक्कम फक्त वजा धरली जाते. एक खाच आहे: ३५-अ च्या आदेशावर अपील फक्त ज्याच्यावर बोजा पडला त्याला करता येतं. तुम्हाला कमी मिळालं किंवा मिळालंच नाही म्हणून तुम्हाला कलम १०४ खाली अपील नाही. जे मांडायचं ते इथेच, पहिल्यांदाच, नीट मांडा.

रोजनामा काढलाच आहे तर त्यात आणखी एक गोष्ट शोधा. वादीने मागितलेल्या तारखा "कॉस्टच्या अटीवर", म्हणजे तुम्हाला ठरावीक खर्च द्यायच्या अटीवर, दिलेल्या असतील. कलम ३५-ब प्रमाणे तशी कॉस्ट पुढच्या तारखेला भरल्याशिवाय त्या पक्षाला पुढचं काम चालवता येत नाही. गडबडीत ती भरलीच जात नाही आणि कोणी विचारतही नाही. तीनशे, पाचशे, हजार अशा न भरलेल्या रकमा असतील तर त्यांची यादी अर्जाला जोडा. न भरलेल्या कॉस्टचा आदेश वेगळा वसूल होतो.

तुमच्या प्रकरणात सर्वांत विचारपूर्वक हाताळायचा भाग मनाई हुकुमाचा आहे. अपुऱ्या कारणांवर मनाई मिळवली असेल, किंवा दावा अपयशी ठरला आणि तो लावायला वाजवी आधारच नव्हता असं दिसलं, तर कलम ९५ खाली त्याच कोर्टात अर्ज करून पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. त्यात प्रतिष्ठेची हानीही धरता येते. हा रस्ता छोटा आहे. नवा दावा नको आणि पुरावाही मर्यादित लागतो. पण त्याची किंमत अशी की या अर्जावर आदेश झाला की त्याच मनाईबद्दल स्वतंत्र नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. अर्ज फेटाळला गेला तरीही तो दरवाजा बंद होतो. अनेक वकील सवयीने हा अर्ज लगेच देऊन टाकतात, म्हणून सावध करते आहे.

दुसरा रस्ता स्वतंत्र दाव्याचा. चुकीने मिळवलेल्या मनाईमुळे झालेल्या नुकसानीसाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ९० प्रमाणे, मनाई संपल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. दावा काढून घेतला की मनाईही संपते, तिथून मोजायला लागा. इथे पन्नास हजारांची मर्यादा नाही. पण कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर भरावी लागते, वादीचा वाईट हेतू आणि आधाराचा अभाव तुम्हाला सिद्ध करावा लागतो, आणि नुकसान रुपयांत दाखवावं लागतं. स्वतःला काही प्रश्न विचारा. गिऱ्हाईकाशी लेखी काही झालं होतं का, की सगळं तोंडी होतं? त्याने दिलेली किंमत आणि आज प्लॉटला मिळणारी किंमत यात काय फरक आहे? भाव वाढला असेल तर किमतीचं नुकसान दाखवता येणार नाही. उलट समोरचा म्हणेल की मनाईमुळे यांचा फायदाच झाला. अशा वेळी खरं नुकसान उरतं ते कर्जाच्या व्याजाचं. बँकेचं खातेपत्रक दाखवून, प्लॉट विकला असता तर हे कर्ज लागलंच नसतं हे तारखांवरून जुळवता आलं तर तो मुद्दा चांगला आहे. व्याजाची बेरीज पन्नास हजारांच्या आसपास किंवा कमी असेल तर कलम ९५ घ्या आणि मोकळ्या व्हा. ती दोन-तीन लाखांत जात असेल आणि गिऱ्हाईकाचं लेखी असेल तरच स्वतंत्र दाव्याचा विचार करा. तोही आणखी काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायची तयारी असेल तर.

मनस्तापासाठी कलम ३५ खाली वेगळी रक्कम मिळत नाही. ती ३५-अ आणि ९५ च्या मर्यादांतच सामावते, नाहीतर स्वतंत्र दाव्यात मागावी लागते.

आता तडजोडीबद्दल, कारण तुमच्या परिस्थितीत पैसे हातात येण्याचा सर्वांत जवळचा मार्ग तोच वाटतो. वर सांगितलेल्या सगळ्या मर्यादा कोर्टाच्या अधिकारावर आहेत. दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवलेल्या रकमेला त्या लागू होत नाहीत. तज्ज्ञाचा अहवाल विरुद्ध गेलेला, उलटतपास टाळलेला, अशा वादीला खटला निकालापर्यंत न्यायचा नसतो, कारण मग पावती बनावट असल्याचा निष्कर्ष निकालपत्रात येईल. त्याची ही निकड हाच तुमच्या हातातला मुद्दा आहे. आदेश २३, नियम ३ प्रमाणे लेखी आणि दोघांच्या सहीची तडजोड दाखल होते. त्यात रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहा, डिमांड ड्राफ्ट त्याच दिवशी कोर्टात घ्या, पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. मूळ पावती रद्द आहे आणि तिच्या आधारे वादीचा किंवा त्याच्यातर्फे कोणाचाही हक्क राहिलेला नाही, हे वाक्य हवंच. "दोन्ही पक्षांची एकमेकांविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही" हे तयार वाक्य मात्र रक्कम समाधानकारक असेल तरच मान्य करा. त्या एका ओळीने कलम ९५ आणि नुकसानभरपाईचा दावा दोन्ही सोडल्यासारखे होतात.

किती मागावं? माझ्या मते तज्ज्ञाची फी, कागद असलेला सगळा खर्च आणि बँकेतून गेलेली फी एवढ्याच्या खाली उतरू नये. तुमच्या हिशेबात हे सव्वा लाखाच्या वर जातं. कोर्ट कलम ३५ खाली स्वतःहून यापेक्षा जास्त देईल अशी खात्री नाही, म्हणून इतकं मिळत असेल तर तो चांगला सौदा आहे.

बनावट पावतीचा फौजदारी भाग वेगळा ठेवा. कोर्टात खोटा पुरावा दिल्याबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच कोर्टात अर्ज करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३४० होतं. अप्रामाणिकपणे खोटा दावा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ खाली गुन्हा आहे. मात्र त्याची दखल कोर्टाच्या तक्रारीवरूनच घेतली जाते, आणि कोर्ट अशी तक्रार न्यायाच्या हिताची वाटली तरच करतं. या अर्जातून तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. तडजोडीच्या बोलण्यात "पैसे द्या नाहीतर फौजदारी करतो" असं तोंडी किंवा मेसेजवर कधीही म्हणू नका. तुमची स्वच्छ बाजू त्याने डागाळते. करायचं असेल तर सरळ करा, नसेल तर त्याचा उल्लेखही नको.

हे सदर वाचणाऱ्या आणि ज्यांच्या हातात खोट्या दाव्याचं समन्स नुकतंच पडलं आहे, त्यांच्यासाठी थोडं. कैफियतीसाठी ३० दिवस असतात, कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत. त्यातच ३५-अ ची हरकत आणि खर्चाची मागणी वेगळ्या परिच्छेदात घ्या. वादपत्र, म्हणजे वादीने दाखल केलेला दाव्याचा अर्ज, वाचूनच दावा टिकत नाही असं दिसत असेल, म्हणजे मुदत संपली आहे, कायद्याने बंदी आहे, कारणच दाखवलेलं नाही, तर आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज करा आणि त्यातही खर्च मागा. या अर्जात कोर्ट फक्त वादपत्र आणि त्याचे कागद पाहतं. सही खोटी आहे असा बचाव तिथे चालत नाही, म्हणून हा अर्ज सगळ्यांना उपयोगी नाही. वादी भारताबाहेर राहत असेल आणि दाव्यातली सोडून इथे त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर आदेश २५ खाली खर्चासाठी तारण मागता येतं. ते न दिल्यास दावा फेटाळला जातो. इतर प्रकरणांतही कोर्ट कारणं नोंदवून तारण मागू शकतं. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा असेल तर व्यावसायिक न्यायालय कायदा, २०१५ लागतो. तिथे कलम ३५ नव्याने लिहिलेलं आहे, खऱ्या वकील फीचा त्यात समावेश आहे आणि ३५-अ ची तीन हजारांची मर्यादा काढून टाकली आहे. खोटी फौजदारी फिर्याद झाली असेल तर हिशेब वेगळा. तिथे द्वेषमूलक खटल्याच्या भरपाईची मुदत निर्दोष सुटल्यापासून फक्त एक वर्ष आहे आणि ती सहज हुकते.

पुन्हा तुमच्याकडे येते, बाई. आदेश झाला की लगेच प्रमाणित नक्कल काढा आणि पहिल्यांदा खर्चाचा भाग वाचा. रक्कम आकड्यात हवी, कोणी द्यायची ते हवं, किती दिवसांत ते हवं. "खर्चासह" एवढाच शब्द असेल आणि खर्चाचा तक्ता नसेल तर वसुली अडते. मंजूर झालेली रक्कम तक्त्यात चढवताना चूक झाली असेल तर कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. कोर्टाने खर्चाचा मुद्दाच विचारात घेतला नसेल तर पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्याच कोर्टाने आपला आदेश पुन्हा तपासावा असा, अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. तो दिवस वहीत लिहून ठेवा.

त्याने पैसे भरले नाहीत तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, दाखल करावी लागते. हुकूमनाम्याच्या वसुलीला बारा वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षांच्या आत दरखास्त केलीत तर आदेश २१, नियम २२ ची कारणे दाखवा नोटीस काढण्यात वेळ जात नाही. एजंटाच्या मालमत्तेची माहिती आतापासून जमवा: दाव्यात त्याने दिलेल्या चेकवरचा बँक खाते क्रमांक, त्याच्या नावाचं वाहन, सातबारा, दुकानाची भाडेपावती. त्याच्या बँक खात्यावर जप्ती मागणं सर्वांत सोपं. काहीच सापडत नसेल आणि आदेशाला तीस दिवस उलटूनही पैसे आले नसतील, तर आदेश २१, नियम ४१ खाली त्याला स्वतःच्या मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावण्याचा अर्ज करा. ते शपथपत्र दिलं नाही तर कोर्ट त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याचा आदेश करू शकतं. अनेक थकलेल्या रकमा या अर्जाची नोटीस पोचल्यावरच भरल्या जातात.